सात जणांना कबूल केलेली पिल्लं

भाऊ गेला तेव्हा तो बूट घालत होता. बोईसरच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला निघायचं होतं. दाराच्या पायरीवर बसून त्याने उजव्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, आणि डावा हातात घेतला असतानाच तो भिंतीला टेकला. उजवा बूट त्याच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून परत आला. डावा दाराशीच राहिला. वहिनी त्याच्या कडेकडेने केर काढत, पण तो उचलत नसत. भावाची कुत्री, पाच वर्षांची पिवळसर लॅब्रॅडॉर, त्या बुटाला नाक लावून झोपू लागली.

भेटायला येणाऱ्यांना ती पहिल्यांदा दिसायची. आत येऊन बसल्यावर काय बोलावं हे कोणालाच सुचत नसे, मलाही नाही. मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बोलण्याची सवय कमीच. मग कोणीतरी दाराकडे बघून म्हणे, "बिचारीला सगळं कळतं." थोड्या वेळाने म्हणे, "हिला पिल्लं झाली की एक आमच्याकडे द्या हां. दादांची आठवण म्हणून." भावाच्या खात्यातला एक जण असं म्हणाला, मी हो म्हटलं. समोरच्या इमारतीतल्या बाई म्हणाल्या, त्यांनाही हो म्हटलं. सुतकात बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं बळ नसतं, आणि सांत्वनाला आलेल्या माणसाला दुसरं काय द्यावं हेही कळत नाही. तेराव्यापर्यंत मी सात जणांना सात पिल्लं कबूल करून बसलो होतो. कुत्रीला तोवर एकही वेत झालेलं नव्हतं.

तेराव्याला सगळे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आठवं माझ्यासाठी ठेवा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांची मुलगी लग्न होऊन बडोद्याला असते. बोईसरच्या त्या दोन खोल्यांत आता त्या आणि कुत्री, एवढंच होतं. "ही किती वर्षं राहणार अजून? हिच्यामागे तिचं काहीतरी असावं. त्यांनी हिला अंगठ्याएवढी असल्यापासून वाढवलंय. ते मी असं संपू देणार नाही."

भावाची ख्याती पिल्लं देणारा माणूस अशी होती. या कुत्रीची आई त्याच्याकडे होती. तिला नऊ पिल्लं झाली. ही एक ठेवून बाकीची आठ त्याने वाटली. विकली नाहीत, वाटली. त्याचा त्याला अभिमान होता, आणि आम्हालाही. पाववाला, रेल्वेतला कोणी, किनाऱ्यावरच्या गावातली मासे विकणारी बाई, ज्याने पिल्लाला हात लावून हसून बघितलं त्याच्या हातात तो पिल्लू ठेवायचा. मला म्हणायचा, "तू पुस्तक द्यायच्या आधी दोन ठिकाणी सही घेतोस. मी जीव देतो, नुसत्या हसण्यावर." मला ते फार आवडायचं. ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना मी सांगितलंसुद्धा आहे ते.

दिवाळी आम्ही केली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात कुत्री माजावर आली.

पुढचे दिवस स्वस्थता अशी मिळालीच नाही. ती दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत सारखी फिरायची. खाली फाटकाशी एमआयडीसीच्या रस्त्यावरचे पाच-सहा कुत्रे येऊन बसले. वहिनी हातात काठी घेऊन खाली जात आणि वर येत. मी रोज कॉलेज सुटलं की स्कूटरने पालघरहून बोईसर गाठायचो, तासभर बसायचो, काही न करता परत यायचो. कॉलेजात पुस्तकं चुकीच्या कपाटात लावू लागलो. एका मुलीला कायद्याच्या पुस्तकांत वनस्पतिशास्त्र सापडलं. तिने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

नराची सोय मी आधीच करून ठेवली होती. बोईसरमध्ये गाड्या भाड्याने देणारा एक जण होता, उत्तरेकडचा. त्याच्याकडे धिप्पाड काळा लॅब्रॅडॉर होता. त्याला पैसे नको होते. "पहला बच्चा मेरा, मास्टरजी. छाँट के लूँगा." नराच्या मालकाने पहिलं पिल्लू निवडून न्यायचं, ही इथली रीत. रक्त दिसल्यापासून बारावा दिवस धरायचा असं त्यानेच सांगितलं. बारावा दिवस रविवारी येत होता.

त्या आधी एकदा डॉक्टरला दाखवून घ्यावं, एवढी अक्कल मला सुचली. तीसुद्धा काळजीपोटी नव्हे. घरात नुसतं बसवत नव्हतं, म्हणून. बुधवारी रिक्षा करून कुत्रीला पालघरला आणलं. प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, मला काका म्हणणारी. तिने कुत्रीला चालवून बघितलं, मग मागचा एक पाय हातात धरून हळूच मागे ताणला. कुत्रीने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"काका, पिल्लं कशाला हवीत?"

मी सात जणांचं सांगितलं. वहिनींचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण हात कुत्रीच्या खुब्यावरच होता.

"आणि लोक म्हणतात की एकदा तरी पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत चांगली राहते," मी म्हणालो.

"लोक म्हणतात," ती म्हणाली. "तसं काही नसतं."

गुंगीचं औषध देऊन तिने एक्स-रे काढला. काचेवर लावून मला दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो ती वाटी उथळ होती. एका बाजूला जास्त. "हिला स्वतःला अजून काही वर्षं कदाचित काही होणारही नाही. वजन ताब्यात ठेवा, गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका. पण हे पुढे जातं. कोणाला कमी जाईल, कोणाला जास्त, ते आधी कळत नाही. हिची भावंडं कुठे आहेत?"

"वाटली."

"बघून या. एकट्या हिच्या फोटोवरून मी काय सांगू? भावंडं बघितलीत तर कळेल." मग म्हणाली, "जे नीट करतात ना काका, ते दोघांचे फोटो आधी काढतात. आई-बाप कुठले, त्यांचे आई-बाप कुठले, ते बघतात. आणि दिलेलं पिल्लू पाच वर्षांनी परत आलं तरी घरात घेतात. पिल्लं फुकट दिली की विकली, त्याने मला फरक पडत नाही. नंतर चौकशी करायला कोणी गेलं होतं का, एवढंच मी विचारते."

ती भावाबद्दल बोलत नव्हती. भाऊ तिला माहीतच नव्हता. तरी मला राग आला, आणि तो राग घेऊन मी बाहेर पडलो. माझा भाऊ म्हणजे कोणी पिंजऱ्यात कुत्र्या ठेवून पिल्लं विकणारा माणूस नव्हता. त्याने एक पैसा घेतला नव्हता. हे मी परतीच्या रिक्षात मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं, की उमरोळीच्या पुढे आल्यावर लक्षात आलं, मी कोणाशी तरी भांडतोय.

आठ भावंडांपैकी मला चार आठवत होती. वैतरण्याचं कुटुंब घर सोडून गेलं होतं. पाववाल्याचा कुत्रा गाडीखाली आला होता. उरली कोळगावची आणि दांडीची.

कोळगावला नवीन सरकारी कचेऱ्या झाल्या आहेत, त्यांच्या पलीकडे एक कारकून राहतात. भावाचे शाळेतले मित्र. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, भावाच्या आठवणी काढल्या. कुत्रं दिसेना, म्हणून मी विचारलं. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं.

"तो तीन वर्षांचाच गेला," ते म्हणाले. "मागून उठताच येईना त्याला. मुंबईला नेलं, तिथे म्हणाले ऑपरेशन करा, पण दोन्ही बाजूंचं करावं लागेल. मग शेवटी इंजेक्शन दिलं."

"भाऊ काही बोलला नाही मला."

"त्याला कुठे सांगितलं आम्ही?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "तो भेटला की विचारायचा, कसा आहे आमचा पठ्ठ्या? आम्ही म्हणायचो, मजेत. इतक्या प्रेमाने दिलेली वस्तू. वाईट निघाली असं तोंडावर कसं सांगायचं?"

मी तिथे चहा अर्धा टाकून उठलो. पैसे देऊन घेतलेली वस्तू बिघडली तर माणूस भांडायला जातो. प्रेमाने दिलेली बिघडली तर गप्प बसतो, आणि देणारा पुन्हा द्यायला मोकळा होतो. मी स्वतः हेच केलं असतं. सात जणांपैकी कोणीही हेच केलं असतं.

शनिवारी दांडीला गेलो. खाडीवरून वारा येत होता आणि बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. मासे विकणाऱ्या बाईंचं घर कोणीही सांगितलं असतं. त्या ओट्यावर बसून टोपलीत बोंबील निवडत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी त्याचे भाव काय? नाक तेच हाय."

मी हो म्हणालो. घराच्या मागून एक पिवळा कुत्रा आला. तो चालत नव्हता. मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखी उडी मारायचा, मग थांबायचा, मग पुन्हा उडी. माझ्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. आला, आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आमच्या कुत्रीचं तोंड आणि याचं तोंड एकच होतं.

"असाच हाय दोन वरसाचा झाला तवापासून," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाला मी काय सोडला नाय. बाजारात गाठला नि दिल्या शिव्या. म्हटलं, तू हसत देतोस नि आमी रडत सांभाळतो. फुकट दिला म्हणून गप बसू काय?"

"मग?"

"मग काय. आला दुसऱ्या दिवशी. ह्याला उचलून नेला डॉक्टरकडं, एवढा मोठा कुत्रा, दोन हातांवर. परत आणला नि तिथं बसला." त्यांनी उलट्या टाकलेल्या होडीकडे हनुवटीने दाखवलं. "बराच वेळ बसला. बोलला, मावशी, हा मला परत द्या, मी बघतो ह्याचं. मी नाय दिला. आता कशाला? त्याला आमची सवय, आमाला त्याची."

"हे कधी झालं?"

"झाली दोन वरसं. नंतर परत एकदा आला, गोळ्या घेऊन. तवा बोलला, ह्याचे आई-बाप एकाच घरातले, सख्खी भावंडं निघाली मावशी, मी विचारलंच नव्हतं. माझ्याकडं एक हाय ह्याची बहीण. तिला मी वेऊ देणार नाय." त्या बोंबील निवडत राहिल्या. "मानूस चांगला. डोकं तेवढं उशिरा लावलं. आता बरा हाय ना?"

त्यांना कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी टोपली बाजूला सारली, आत जाऊन हात धुतले, बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. कुत्रा माझ्याकडून उठून, दोन उड्या मारून, त्यांच्या पायाशी गेला.

तिथून मी सरळ वहिनींकडे गेलो आणि काहीच सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच झालं. त्यांनी कुत्रीला आंघोळ घातली होती. पलंगाखाली जुन्या साड्या घडी करून ठेवल्या होत्या, पिल्लांसाठी, अजून दोन महिने अवकाश असताना. त्या बोलत होत्या. भाऊ गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी भाजीच्या भावाबद्दल काहीतरी बोललो आणि निघालो.

रविवारी सकाळी दहा वाजता काळा कुत्रा आला. गळ्यात पितळी साखळी, मालकाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. फाटकावरचे कुत्रे भुंकायला लागले. मालक मोठ्याने म्हणाला, "नमस्ते भाभीजी! दूल्हा आ गया."

वहिनी दारात आल्या. कुत्री त्यांच्यामागून धडपडत पुढे येत होती. तेव्हा मी बोललो. तिथेच, जिन्यात, परक्या माणसासमोर, सगळ्यात वाईट वेळी. एक्स-रे, कोळगाव, दांडी, होडीवर बसलेला भाऊ, सगळं उलटसुलट क्रमाने. वहिनींनी कुत्रीचा पट्टा हाताला एक वेढा घालून आखडून धरला.

"दोन वर्षं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी दर वेळी म्हणायचे, आता लावू या. ते म्हणायचे, पुढच्या वेळी. मला का नाही सांगितलं?"

आठ घरांत आपण काय देऊन आलो हे बायकोला सांगणं त्याला जमलं नसेल. की त्याला वाटलं असेल, अजून वेळ आहे.

वहिनी पांढऱ्या शर्टवाल्याकडे वळल्या. "तुमच्या कुत्र्याचे खुबे बघितलेत कधी? फोटो काढलाय?"

"फोटो तो बहुत हैं भाभीजी, मोबाईल में."

"हाडांचा."

"अरे, एक नंबर माल है. छह बार बाप बन चुका."

"मग ती सगळी पिल्लं कशी आहेत आता?"

तो हसला. "वो तो बँट गये, बिक गये. अब कौन किधर, क्या मालूम."

वहिनींनी मान हलवली. मला म्हणाल्या, "माझं स्थळ आलं तेव्हा तुमच्या आईने माझ्या मामाच्या चष्म्याचा नंबर विचारला होता. आठवतं? इथे आपण शर्ट बघून ठरवलं." मग त्याला म्हणाल्या, "चहा ठेवते. पिऊन जा. कुत्र्याला खालीच बांधा."

त्याने चहा घेतला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, आप लोग पढ़े-लिखे हैं, बहुत सोचते हैं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

नंतरचे दोन आठवडे मी सात घरी गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण शब्द मी तोंडाने दिला होता. तिघांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. एक जण सुटल्यासारखा झाला, त्याच्या बायकोला कुत्रं नकोच होतं. समोरच्या इमारतीतल्या बाई दुखावल्या. "आम्ही काय त्याला लंगडं म्हणून टाकून दिलं असतं?" मी म्हणालो, नसतं टाकलं, तुम्ही मलाही सांगितलं नसतं. त्या आता मला बघून दार लावून घेतात. खात्यातला माणूस म्हणाला, "दादा असते तर त्यांनी दिलं असतं." मी भावाची बाजू मांडायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? एके काळी त्याने दिलंच असतं. सातव्या घरी कोणी नव्हतं. मी पुन्हा गेलो नाही. तो एक शब्द अजून तसाच आहे.

वाटलं होतं, इथे हे संपेल. जानेवारीत वहिनींचा फोन आला. "या जरा. मला काही सुचत नाहीये."

पलंगाखालच्या साड्या कुत्रीने नखांनी उकरून गोल केल्या होत्या. त्यात ती कुशीवर पडली होती, पोटाशी भावाचा डावा बूट घेऊन. तो ती चाटत होती. तिची आचळं भरली होती, आणि बुटाच्या कातड्यावर पांढरे डाग पडले होते.

"नर लागला नाही ना हिला?" मी विचारलं.

"कसा लागेल? मी एक मिनिट सोडली नव्हती तिला." वहिनी भिंतीला टेकून बसल्या. "बघितलंत? हिला हवी होती पिल्लं. आपण दिली नाहीत."

मी डॉक्टर मुलीला फोन लावला. ती म्हणाली, हे पुष्कळ कुत्र्यांना होतं, माजानंतर दोन महिन्यांनी, नर लागला नाही तरी. खोटं गर्भारपण. शरीराचा हिशेब चुकतो, त्यात इच्छेचा प्रश्न नसतो. जे पिल्लू समजून धरलंय ते काढून घ्या, नाहीतर दूध सुरूच राहील, गाठी होतील. तिला फिरवा, गुंतवून ठेवा. सगळं शांत झालं की गर्भपिशवी काढून टाकू.

मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काढा. मला नाही जमणार."

मी गुडघ्यावर बसून हात पुढे केला. कुत्री गुरगुरली. पाच वर्षांत ती माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती. मी हात मागे घेतला.

मग वहिनी उठल्या, जमिनीवर आडव्या झाल्या, आणि निम्म्या पलंगाखाली सरकल्या. त्या तिच्याशी बोलत होत्या. काय ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि ऐकायचं नव्हतंही. एकदा फक्त "नाही गं, ते नाही ते" एवढं कळलं. बऱ्याच वेळाने त्या बूट घेऊन बाहेर आल्या. केसांना जाळं लागलं होतं. त्यांनी तो मोरीत धुतला, ब्रशने, टाचेकडून पुढे, भाऊ धुवायचा तसा, आणि गॅलरीत उन्हात ठेवून गॅलरीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी वाळल्यावर कपाटातून ती प्लास्टिकची पिशवी काढली आणि उजव्याशेजारी डावा ठेवला.

कुत्री दाराशी जाऊन त्याच्या रिकाम्या जागेचा वास घेत होती. पलंगाकडे जायची, परत दाराशी यायची.

"चला," वहिनी म्हणाल्या. "हिला बाहेर काढू."

भाऊ गेल्यापासून त्या काठी घेऊन फाटकापर्यंतच जात, त्यापुढे कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी काठी न घेता निघाल्या. पाळी सुटली होती, सायकली आणि माणसं समोरून येत होती, कोणी कोणी त्यांना नमस्कार करत होतं. कुत्री पट्टा ताणत पुढे, त्या तिच्यामागे. मी सगळ्यात मागे राहिलो. तेव्हापासून मी नेहमी मागेच राहतो. ती मागचे पाय कसे टाकते ते बघत चालतो, एक, मग दुसरा, आणि दोन्ही एकदम पडलेले दिसले की थांबतो, पुन्हा बघतो.